गुंजेचा पाला

मिरजोळ्याच्या थांब्यावर एसटीची वाट बघत शमिका उभी होती. तिच्या पुढच्या मफलरवाल्यानं तोंड वाकडं करून चघळलेला पाला थुंकला, तशी शेजारची अनोळखी बाई हसली नि त्याला विचारू लागली.

"काय खाताय, काका?"

"गुंजेचा पाला. घसा बसलाय, आणि सांजचा कुवारबावला शक्ती-तुऱ्याचा सामना हाय, गाण्यातनं सवाल-जवाब. शक्तीकडनं मीच गाणार."

"अस्सं! मग थुंकलात का? गुंज तर गोड लागते."

"ही आंबट हाय. भाच्यानं आणलान. मुंबयसून आलाय तो."

"अगो बाय! चिंचेचा पाला दिलान तुम्हाला!"

"पान तर अगदी तसंच!"

"म्हणून तर बी बघायची. त्या कुंपणावर वेल आहे बघा, शेंगा तडकल्यात. आत दाणे कसले?"

"लाल! लालभडक, आणि एकेकाला काळा डोळा!"

"तीच गुंज! दाणा तोंडात घालू नका हां, विष असतं. पाला तेवढा खुडा नि चावा."

"गोड! आईशप्पत, गोड लागतो गो!"

"आता लावा सूर."

खरखरत का होईना, काकांच्या गळ्यातनं गणाची ओळ उमटली. शमिकानं कानातला हेडफोन काढला.

"कंठ फुटला! बाय, सामन्याला ये. पुढची जागा ठेवतो."

"पुढेच असेन. तुऱ्याकडनं मीच गाणार आहे."

"तू? मग गप ऱ्हायचंस की!"

"मुक्याला हरवून मला कोण शाबास म्हणेल? आणखी थोडा पाला खिशात घाला, बुवा. माझा पहिलाच सवाल अवघड आहे."