फक्त कॉफी नको म्हणाले होते

...खस्स, आणि मग गुळूक. खस्स — गुळूक. असा आवाज, पोरी. माझा बाप ज्या कुरणावर गुरं राखायचा ना, तिथे पवनचक्कीचा पंप होता. त्यातलं चामडं झिजलं की असा आवाज यायचा. चक्की गरगर फिरतेय, दांडा वरखाली होतोय, आणि टाकीत पाणी पडतंय करंगळीएवढं. गुरं आपली उभी, जिभा बाहेर काढून. आता तोच आवाज इथे येतो, छातीत. डाव्या कुशीवर वळलो की स्पष्ट. हृदयाची झडप चुन्यासारखी कडक झालीय म्हणतात, नीट उघडतच नाही. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझी मुलगी तुझ्याहून मोठी असेल. — नको, नको, तो भोपळ्याचा पेला तिकडे धर. राग मानू नकोस. येर्बाचा, त्या कडू पाल्याच्या चहाचा, नुसता वासही नको आज मला. तू पी गं, थंडी आहे. दवाखाना उघडायला अवकाश आहे अजून.

तूही तपासणीलाच आलीयस का? बरं, नको सांगूस. मी आलोय चित्र काढायला. त्या मोठ्या कड्यात आडवं सरकवतात ना, ते. दुसऱ्यांदा आलोय. पहिल्यांदा काय झालं ते विचारू नकोस. पाठीमागून सगळा उघडा झगा घालायला दिला, आणि हाताच्या शिरेतून ते औषध सोडलं — अंगभर ऊन ऊन झालं, आणि खाली तर असं वाटलं की मी... जाऊ दे. या वयात, परक्या मुलीसमोर. वर ती निळ्या सदऱ्यातली पोरगी म्हणते, "काही नाही आजोबा, सगळ्यांना तसंच वाटतं." आजोबा! मी हिचा आजोबा कधी झालो? शिसारी आली मला. तिची नाही गं, बिचारी चांगली होती — माझीच. या कातड्याची.

आणि एवढं करून चित्र हललं! छाती फाडणार नाहीत म्हणे, जांघेतल्या शिरेतून नळी घालणार, तिच्या टोकाला नवी झडप, छत्रीसारखी मिटलेली — ती वर हृदयात नेऊन उघडायची. पण आधी माप हवं. जागा केवढी, वाट कशी, चुना कुठे किती. झडप मोठी निघाली तर काळीज फाटणार, लहान निघाली तर गळणार. ते माप काढतात चित्रावरून, आणि चित्र काढताना काळीज संथ चालायला हवं. माझं उधळलेलं. पळत्या घोड्याचा फोटो काढला की पायच पाय दिसतात ना, तसं आलं सगळं. डॉक्टर म्हणाले, "कॉफी घेतली होती?" मी म्हटलं, नाही. खोटं नाही बोललो. मी कॉफीला शिवत नाही. फोनवरच्या बाईने फक्त कॉफी नको म्हटलं होतं, येर्बानेही काळीज तसंच उधळतं, हे कुणी सांगितलं? आपल्या मोंतेविदेओत येर्बाला कोण मोजतं, सांग? उपाशी पोटी या म्हटलं तरी माणसं काखेत थर्मास घेऊनच येतात. त्या डॉक्टरच्या काखेतही होता की!

आणि त्या हललेल्या चित्राचं विल्मारने काय केलं माहितीये? विल्मार म्हणजे माझा जावई. फोनमध्ये घेऊन फिरवलं, रविवारी, शेगडीभोवती. एका हातात चिमटा, चिमट्यात सॉसेज, आणि दुसऱ्या हातात माझं काळीज. "बघा, सासरेबुवा आतून असे दिसतात! ते पांढरं आहे ना, ते सगळं दगड!" शेजारचा म्हणतो, "मीठ कमी पडलंय रे त्याला." सगळे हसले. तोंडाला चरबी लागलेली, आणि हसतायत. माझा घास तोंडातच राहिला, उठून न्हाणीघरात जाऊन थुंकलो. फक्त झुल्मा हसली नाही. झुल्मा माझी बायको. ती विचारत होती, आज कुणाचा वाढदिवस आहे?

विसरते ती. थोडंफार. — थोडंफार कसलं, मोजे हातात घालते, पोटच्या मुलीला "बाई, तुम्ही" म्हणते. पण सकाळी उठली की येर्बा मात्र बरोब्बर लावते. पाला एका अंगाला कलता, पाण्याला उकळी फुटू देत नाही, पहिला भोपळा स्वतः पिते आणि दुसरा भरून मला देते. "आन्सेल्मो, घे." दिवसभरात माझं नाव तिला तेवढंच आठवतं. मागे एकदा मी नको म्हटलं. पोट बिघडलं होतं म्हणून, दुसरं काही नाही. तर बघत राहिली माझ्याकडे. म्हणाली, "तुम्ही कोण? माझा नवरा कुठाय?" आणि फाटकाशी जाऊन हाका मारायला लागली. मला हाका मारत होती, आणि मी तिच्या मागे उभा.

मारिएला — मुलगी माझी — म्हणते, "बाबा, तपासणीपुरतं दोनच दिवस आईला वृद्धाश्रमात ठेवू." दोनच दिवस! पाहिलाय मी तो. मुताचा वास, त्यावर फुलांचा फवारा, आणि म्हाताऱ्या टीव्हीपुढे खुर्चीला बांधलेल्या. तिथे दोन दिवसांसाठी गेलेलं माणूस परत आलेलं दाखव मला. मी गेलो तर ती तिकडेच जाणार, सरळ. म्हणून ही झडप हवी मला. नाहीतर या वयात कोण घालून घेतंय असल्या नळ्या? पण माझी मूत्रपिंडं बरी नाहीत, ते औषध पुन्हा पुन्हा सोडता येणार नाही म्हणे. आजचं चित्र नीट आलं तर झडप, नाही आलं तर "बघू." असं मऊ आवाजात बघू म्हणतात ना, मला ओकारी येते त्या आवाजाची.

आज? आज काही नाही घेतलं. मारिएलाला तसं सांगितलंय मी. — अशी काय बघतेस? एकच घेतला. एकच भोपळा. ...बरं, दोन. हाक मारली तिने, नावाने, मी काय करणार होतो? ओतून टाकावं म्हटलं कुंडीत, पण समोर बसून असते गं ती, भोपळ्यातल्या नळीतून शेवटचा आवाज येईपर्यंत. तू तरी नको म्हणाली असतीस का? मग? मी आत गेलो की गप्प पडून राहीन, काळजाला म्हणेन हळू चाल. आतल्यांना कळता कामा नये फक्त. त्यांना कळलं की मारिएलाला फोन, आणि मारिएलाला कळलं की आजच झुल्माची पिशवी भरणार ती.

उठलीस? बस की. तिकडून नको, पोरी, आम्हा लोकांना इकडून सोडतात. ते दार कामावरच्यांचं आहे — कोट कशाला काढतेस एवढ्या थंडीत? हा निळा सदरा तर त्या... अगं. अगं पोरी, चुळकाभरच होतं ते, खरंच सांगतो. ऐक ना, काहीतरी बोल —