दोन सायकली ठरल्या होत्या

"हॅलो?… हां चेतना, बोल… हो, दुकानातच आहे, सात रस्त्याच्या… नाही गं, ऐकू येतंय. जरा मोठ्यानं बोल, बाहेर रिक्षा लई आहेत."

शकुंतलाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दुकानदार सोमलिंगनं त्यांच्यापुढं तीन सायकली ओळीनं उभ्या केल्या होत्या.

"फोटो मिळाले ना?… कुठं?… अगं बाई. त्या ग्रुपवर गेले का?"

त्या ग्रुपवर तिघीच होत्या. शकुंतलाबाई, बावीस वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या वैजयंतीबाई, आणि वैजयंतीबाईंची पुण्यात नोकरी करणारी लेक चेतना. चेतनाला सायकलींतलं कळायचं. दोघी मैत्रिणींना एकेक सायकल घ्यायची होती, म्हणून तिनंच तो ग्रुप काढला होता. मग एका सकाळी वैजयंतीबाई शाळेला निघताना दारातच कोसळल्या आणि गेल्या. त्याला आज चाळीस दिवस झाले होते.

"सवयीनं बोट गेलं गं तिथं… रागावलीस तरी चालेल… बरं, नाही रागावलीस… बाबांनी बघितले? म्हणजे आईचा फोन अजून चार्ज करतात का ते?… राहू दे. करू दे की त्यांना."

त्या परत सायकलींकडं वळल्या.

"हां, विचार… पहिली ना, काळी? बारीक टायरची. पळते चांगली, आत्ता गल्लीत फिरवून आणली. पण लई वाकावं लागतंय, आणि भाजीची पिशवी अडकवायला जागाच नाही… दुसरीला बास्केट, कॅरियर, सगळं आहे. पण जड. बँकेत, बाजारात जायला ठीक. सकाळी होटगी रोडला दहा किलोमीटर मारायचे म्हटलं तर दम निघेल माझा… हो, रोज दहा. आमचं तसंच ठरलं होतं… तिसरीला सात गिअर. टायर मध्यम. दांडी खाली उतरती आहे, साडीवर पण बसता येतंय. कॅरियर लावून देतो म्हणालाय… तीच घेऊ?… मला पण तीच वाटत होती."

सोमलिंगला त्यांनी मानेनंच खूण केली. तो पाना घेऊन खाली बसला.

"दुसरीचं काय, म्हणजे?… आईसाठी ठरली होती ती?… नको म्हणून सांगितलं त्याला. आल्या आल्या तेच सांगितलं, नंतर जमलं नसतं… निळी. चालवायला येत नव्हती, पण रंग आधी ठरवून बसली होती तुझी आई… हो, मीच शिकवणार होते. सीट धरून मागं पळणार होते, या वयात… हसतेस? हस की. आम्ही पण हसलो होतो."

"हॅलो?… चेतना?… काय?… परत बोल."

खरं तर त्यांना ऐकू आलं होतं.

"आधी काही त्रास… मला काही म्हणाली होती का, असं विचारतेस?… अगं ऐक ना, आत्ता दुकानात आहे मी, घरी गेल्यावर निवांत… नाही. थांब. आत्ताच सांगते."

त्या बाहेर पायरीवर आल्या. फोन दोन्ही हातांनी धरला.

"म्हणाली होती. शाळेचा जिना चढताना थांबली, छातीवर हात ठेवला. म्हणाली, शकू, इथं जड वाटतंय बघ. आणि मी हसले गं. म्हटलं, बसून बसून झालंय, सायकल येऊ दे, सगळं मोकळं होईल… नाही, तू ऐक आधी. दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी हेच बोलले. दवाखाना शाळेपासून दोन गल्ल्यांवर. चल म्हणायला काय लागत होतं मला?… ती गेल्यावर तुमच्या घरी रोज येत होते, पण तुझ्यापुढं बसले नाही. स्वयंपाकघरातच राहिले. तू हे विचारशील म्हणून… बोल मला. काय बोलायचं ते बोल."

पलीकडून अगदी हळू आवाज आला.

"काय?… तुला पण सांगितलं होतं?… कधी?… रविवारी, फोनवर… आणि तू काय… ॲसिडिटीची गोळी घे म्हणालीस…"

शकुंतलाबाई पायरीवर बसल्या.

"अगं, तू पुण्यात. तुला तिथून काय दिसणार होतं?… नाही. तुझी चूक नाही, ऐक माझं… माझी पण नाही?… ते राहू दे आत्ता. बाबांना बोललीस?… कुणालाच नाही? चाळीस दिवस?… मला तरी सांगितलंस, बरं केलंस… रड. रड तू. मी ठेवत नाही फोन, इथंच बसले आहे… हो… हो बाळ… हॅलो? चेतना?… हॅलो?"

फोन कटला होता. त्यांनी घाईनं परत लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. तिसऱ्यांदा बोट पुढं झालं आणि त्यांच्या ध्यानात आलं, तिकडून पोरगीही लावतेय. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला, हात बाजूला घेतला, आणि तो वाजायची वाट बघत बसल्या.