दातातला दोरा

मी मूळची इचलकरंजीची. वडील रफू करायचे, बाजारात दुकान होतं, दुकान कसलं हो, एक ओटा आणि वर एक बल्ब, आणि आम्ही चार बहिणी, त्यात मी थोरली, म्हणून पाटी-पेन्सिलीच्या आधी माझ्या हातात सुई आली. वडील म्हणायचे, कुसुम, भोक सापडलं नाही पाहिजे, गिऱ्हाईकानं भांडत यावं की माझा फाटका कोट कुठं गेला. तेवढी एकच विद्या घेऊन मी लग्न करून अमेरिकेत आले. आमचे हे लॉस एंजेलिसला छापखान्यात कामाला होते.

मी एका ड्रायक्लीनरकडं आल्टरेशन करायची. पँटी आखूड कर, झिपा बदल, हेच वर्षानुवर्षं. एक दिवस एक बाई धावत आली, रेशमी गाऊनला इस्त्रीनं जळून भोक पडलेलं, दुपारी शूटिंग. मी तासाभरात रफू करून दिलं. ती उलटंसुलटं करून बघतेय नि विचारतेय, भोक कुठाय? वडलांची आठवण आली बघा, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. तिच्या ओळखीनं मी सिनेमा-टीव्हीच्या कपडेपटात लागले ती आजतागायत. आणि तिथं काय बघते, तर माणसं कोऱ्या करकरीत कपड्याला सँडपेपर घासतायत, चहाच्या पाण्यात बुडवतायत, कशाला, तर जुनं दिसावं म्हणून! मी घरी येऊन यांना म्हटलं, अहो, इथं कपडे फाडायचा पगार मिळतो.

आता लोरेनबाईंचं सांगते, तुम्ही त्याच्यासाठीच आलाय. बाई ओहायोच्या शेतकरी घरातली. आई गावाच्या गोधड्या शिवायची. एकोणिसाव्या वर्षी एक बॅग घेऊन बसनं इकडं आली, पहिल्या सिनेमात नर्स झाली, एकच वाक्य होतं, डॉक्टर येतायत. त्या एका वाक्यावरनं तिला पुढचं काम मिळालं, मग मोठे सिनेमे आले, मग टीव्हीवर एका मालिकेत आठ वर्षं आई झाली. तेव्हा रस्त्यात दाढीमिशावाले बाप्ये तिला मॉम म्हणून हाक मारायचे म्हणे. आणि काय सांगू तुम्हाला, रडायचा सीन असला की कॅमेरा ज्या अंगाला असेल त्याच डोळ्यातनं पाणी काढायची, दुसरा कोरडा! पुढं सेटवर मी समोर उभी राहून पाहिलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. पण पन्नाशी उलटली नि फोन यायचे बंद झाले, बारा वर्षं घरी बसून होती.

ही दोन हजार चारची गोष्ट. छोट्या बजेटचा सिनेमा होता, त्यात ती म्हातारी विधवा, मुलाची वाट बघणारी. पहिल्या दिवशी मी तिला स्वेटर घालायला गेले, तर ती बटणं लावेना, नुसती उभी. मला वाटलं, स्टार आहे, नखरे असणारच. मग तिनं हात पुढं केले. थरथरत होते हो, पानासारखे. म्हणाली, डॉक्टरनं सांगितलंय हे वाढत जाणार, इथं कुणाला कळलं तर उद्या दुसरी बाई उभी करतील, आणि मला हे एक काम पुरं करायचंय. मी बटणं लावली. तिथनं पुढं रोज मीच लावायची, दार लावून. शॉटमध्ये ती हात खिशात घालायची नाहीतर टेबलाची कड धरून ठेवायची, नि कुणाला पत्ता लागला नाही.

एकदा घाईत तिच्या अंगावरच बटण शिवावं लागलं. मी दोऱ्याचा तुकडा तोडून तिच्या तोंडाशी नेला, म्हटलं, आधी हा दातात धरा. ती म्हणाली, का? म्हटलं, आमच्यात अंगावरचं कापड नुसतं मेलेल्या माणसाचं शिवतात, जित्या माणसानं दोरा दातात धरायचा. हसली नाही हो ती. शहाण्या मुलीसारखा दोरा दातात धरून उभी राहिली.

आणि मग माझ्या हातनं घाण झाली. स्वेटर एकच होता, कुणाच्यातरी आजीनं विणलेला, दुसरा मिळणार नव्हता. शॉट चालू असताना त्याची बाही दाराच्या खिळ्याला अडकून उसवली, आणि दिग्दर्शकाला ते आवडलं, म्हणाला राहू दे, पुढचं सगळं तसंच घेऊ. मी तेव्हा आत होते, मला कुणी सांगितलं नाही, आणि शॉटनंतर कपडे कसे होते त्याचा फोटो काढून ठेवतात, तोही मी बघितला नाही. संध्याकाळी समोर फाटकी बाही नि हातात सुई, मी बसले नि रफू करून टाकली. अशी केली की वडलांनी पाठ थोपटली असती. सकाळी सगळे डोक्याला हात लावून बसले, कारण अर्धा सीन फाटक्या बाहीचा झालेला, परत फाडली तर बाही तशीच फाटणार नव्हती, आणि शूटिंगचं घर आमच्याकडं आता तेवढा एकच दिवस होतं, पहिल्यापासून सगळं घ्यायला वेळ नव्हता. दिग्दर्शक मला नको ते बोलला. मी बॅग भरायला घेतली.

लोरेनबाई म्हणाली, थांबा. मधे एक रात्र गेली असं धरा ना गोष्टीत. मग ती बाई रात्री बाही शिवणार नाही का? माझ्या आईनं शिवली असती. शेवटचे दोन टाके उसवा, ते मला घालू द्या कॅमेऱ्यासमोर.

 मी तिला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, बाई, तुमचे हात दिसतील, माझी नोकरी गेली तर जाऊ दे. ती म्हणाली, कूसूम, सुई दे.

टेबलाशी बसली, स्वेटर अंगात. सुईत दोरा ओवायला घेतला, हुकला. परत घेतला, परत हुकला. कॅमेरा हातांवर, हात लटलट कापतायत, काही लपवलेलं नाही. दिग्दर्शक कट म्हणेना. चौथ्या खेपेला दोरा गेला. आणि मग तिनं काय करावं? उरलेला तुकडा तोडला, दातात धरला आणि मगच टाका घातला.  कट झाल्यावर सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं, दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, कंप किती खरा आणलात तुम्ही! ती म्हणाली, चाळीस वर्षांची सवय आहे. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सिनेमा पुरा झाला. पेपरात त्या सुई-दोऱ्याबद्दलच लिहून आलं. त्यानंतर तिनं काम केलं नाही, करण्यासारखं राहिलंच नव्हतं. आता ती म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये असते, मी दर रविवारी बस बदलून जाते. बोलणं कमी झालंय, कधी ओळखते, कधी नाही. पण मी बटणं लावायला हात पुढं केला की ती तोंड उघडते, दोऱ्यासाठी. म्हणून पर्समध्ये एक रीळ ठेवलेलंच असतं माझ्या. मी तुकडा तोडून देते, ती दातात धरते, आणि मी गळ्यापर्यंत सगळी बटणं लावते. देवानं तिला थंडी वाजू देऊ नये, एवढंच मागते.