दिल्लीत खांदेपालट आणि माझं फाटक

...आणि वर तो कोंडाजी मलाच म्हणतो, "आक्का, जरा दमानं घ्या!" अरे, दमानं किती घ्यायचं? दम संपत आला की माझा! तुम्हीच सांगा, पंचाहत्तरीच्या घरातली बाई मी, डोक्यावर पालेभाजीची पाटी, आणि समोर दिसतोय देवळालीचा कॅम्प, अगदी बाजारातल्या हलवायाच्या दुकानावरची पाटीसुद्धा वाचता येते मला, होय, वाचता येते, शाळेचं तोंड पाहिलं नाही तरी भाजी बांधायच्या रद्दी पेपरावर एकेक अक्षर लावत शिकले मी, कोणाच्या बापाची फी नाही भरली... तर काय सांगत होते? हां, समोर कॅम्प, आणि मधे काय? तारेचं कुंपण! आणि कुंपणाला फाटक, आणि फाटकाला कुलूप!

पूर्वी तिथनं पायवाट होती हो. सकाळी मेथी उपटली की दव वाळायच्या आत मी कॅम्पात. मग एक दिवस कुंपण आलं. का? तर सुरक्षा. बरं, त्यांचंही खरं, तोफा आहेत तिथं. पण मी काय कोथिंबिरीच्या जुडीत तोफ लपवून नेणार आहे? आता हमरस्त्यानं एवढा मोठा वळसा. पोचेपर्यंत पालक मान टाकतो, आणि त्याच्यामागोमाग मी.

म्हणून गेले कोंडाजीकडे. कोंडाजी म्हणजे आमच्या भागातले पुढारी. दिल्लीत ज्यांचं सरकार, त्यांचे हे कार्यकर्ते. भिंतीवर खिळा तोच, फोटो तेवढा नवा! मला म्हणाला, "आक्का, हे काम ना तहसीलदाराचं ना कलेक्टरचं. लष्कराची जागा. हे लय वरचं काम हाय. डायरेक्ट संरक्षणमंत्री!"

मी म्हटलं, एका फाटकाला देशाचा मंत्री? यात काहीतरी काळंबेरं आहे!

पण नशीब बघा, संरक्षणमंत्रीच आले की कॅम्पात, कसल्याशा समारंभाला. मी पहाटे उठून झेंडूचा हार ओवला, मधे मधे शेवंती, असा जाड की सासऱ्यांच्या साठीलासुद्धा तसा केला नव्हता. कोंडाजीनं मला पुढं ढकललं. "साहेब, ही आमची धोंडाबाई, हिचं फाटक..." मंत्री हसले, हात जोडले, "माताजी, हो जाएगा!" अहो, मी हवेत! घरी येऊन दोन्ही सुनांना गोडाचा शिरा करायला लावला. संध्याकाळी रेडिओ लावला... आणि काय ऐकते? केंद्रीय मंत्रिमंडळात फेरबदल! आमच्या हारवाल्याचं खातं काढलं, आणि दिलं काय? जहाजं! ज्याच्या मुलखात विहिरीला पाणी नाही, त्याला जहाजं! आणि सकाळी ज्याच्या गळ्यात माझा हार, तो संध्याकाळी जहाजांकडे गेला! शिऱ्याची ताटली मी तशीच सुनांकडे सरकवली.

यात काहीतरी काळंबेरं आहे!

दुसरे आले. मी रद्दीत त्यांचा फोटो पाहिला, नाव पाठ केलं, कोंडाजीला म्हटलं, चल, आता यांना गाठू. तो डोक्याला हात लावून बसला. "आक्का, हा पेपर कवाचा?" आता पेपर कवाचा म्हणजे? भजी ज्यात बांधून आली त्यातला! म्हणे, हे गृहस्थ राजीनामा देऊन कधीच घरी बसले. मी म्हटलं, अरे, भजी अजून गरम आहेत, आणि मंत्री शिळा?

तिसऱ्याच्या वेळी तर सरकारच पडलं, आणि पुन्हा तीच माणसं गोळा करून उभं राहिलं. चौथा गाठला, तर तो बिनखात्याचा. आता हे काय असतं सांगा मला? मंत्री, पण खातं नाही! आमच्या धोंडाई देवीच्या जत्रेत एक चुलतसासरे असत, कुठल्या कामाला हात लावायचे नाहीत, पण पंगतीत पहिला पाट यांचा. तसलंच!

आणि प्रत्येक वेळी शपथ. शपथ! ईश्वराला साक्षी ठेवून! आमच्या आळीत जो दर वर्षी नवी शपथ घेतो, त्याला आम्ही दारुडा म्हणतो.

मी म्हटलं, धोंडे, यांचं गणित काय आहे ते घरात करून बघ. केलं! खातेवाटप! थोरली सून विमल, तिच्याकडे चूल होती, तिला दिला मळा. धाकटी सुला मळ्यात होती, तिला दिली चूल. झालं! तिसऱ्या दिवशी पाणी भलत्याच वाफ्यात, आणि भाकरी कोळसा. विमलला विचारलं, कांद्याचं रोप का वाळलं? "आत्याबाई, ते माझ्या आधीचं हाय." सुलाला विचारलं, मीठ कुठाय? "मी आत्ताच आले की चुलीवर, जुन्या बाईला विचारा." आणि जुनी बाई म्हणते, "माझ्या वेळेला होतं!" तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, म्हणून बदलतात होय! जुना म्हणतो माझ्या वेळी होतं, नवा म्हणतो मी आत्ताच आलो, मग मीठ विचारायचं कोणाला? माझं फाटक विचारायचं कोणाला?

कोंडाजीला सांगितलं तर म्हणतो, "आक्का, तुमच्या फाटकापायी दिल्ली थोडीच हालते?" मी म्हटलं, मग मी हार ओवला, नेमकी त्याच दिवशी कशी हालली? तर त्यानं चंची काढली, तंबाखू मळत बसला.

यात काहीतरी काळंबेरं आहे!

तर मग एक दिवस वळसा घालायचं त्राणच राहिलं नाही. पाटी उतरवली, आणि फाटकाशीच बसले, दिल्लीला शिव्या देत. तेवढ्यात तारेच्या पलीकडनं, "अम्मा जी, पालक है?" बघते तर सुभेदाराची बायको, पंजाबी, गोरीपान, हातात पिशवी. मी म्हटलं, है, है, लेकिन कुलूप भी है। ती हसली, तारेतनं हात काढला, मी जुडी सरकवली. दुसऱ्या दिवशी ती चार जणींना घेऊन आली. पुढच्या आठवड्यात रांग! एक मद्रासी कढीपत्ता मागते, एक बंगाली भोपळ्याची पानं मागते, पानं हो, भोपळा नको म्हणते, आणि सगळ्या जणी माझ्या शेवंतीच्या वेण्या डोक्यात माळून परत. घासाघीस नाही, कारण शेजारी दुसरी पाटीच नाही! बाजारात बसले असते तर इकडून पिंपळगावचा टेम्पो, तिकडून नाशकाचा हातगाडीवाला, मधे मी. इथं तारेपाशी मी एकटी. महाराणी!

तुम्हाला म्हणून सांगते, कुलपाला मी मनातल्या मनात रोज हात जोडायला लागले.

आणि परवा... परवा कोंडाजी धावत आला, टोपी हातात. "आक्का! झालं! नव्या साहेबांनी फाटक मंजूर केलं! सगळ्यांसाठी खुलं! टेम्पोसुद्धा जाणार!"

टेम्पो?

मी म्हटलं, कोंडाजी, बाबा, थांबव. तो म्हणतो, "अवं, तुम्हीच मागितलं की!" मागितलं तेव्हा दिलं का? मी म्हटलं, घाई करू नका, विचार होऊ द्या, समिती नेमा, काय ते नेमता ना तुम्ही? तर म्हणतो, "आता नाय व्हायचं मागं, आक्का. साहेब शब्दाचा पक्का हाय."

मी मनात म्हटलं, पक्का असेल, पण मंत्री आहे ना? मग हलेल. इतके हलले, हा काय खांबाला बांधलाय? त्या दिवसापासून रेडिओ उशाशी. आणि काल संध्याकाळी, बाई रेडिओवर म्हणाली, "केंद्रीय मंत्रिमंडळात व्यापक फेरबदल!" अहो, मी टुणकन उठून बसले! सुलाला म्हटलं, ते भांडं वाजवू नकोस! विमलला म्हटलं, देवापुढं दिवा लाव! शेती... बदलली. रेल्वे... बदलली. जहाजांवरचा तो माझा हारवाला... गेला, बुडाला एकदाचा. तेल बदललं, शिक्षण बदललं, बिनखात्याच्यालासुद्धा खातं मिळालं! मी पदर तोंडात धरून बसलेली... आणि संरक्षण?

"संरक्षण खाते पूर्वीप्रमाणेच."

पूर्वीप्रमाणेच! अख्खी दिल्ली हलली, आणि न हलणारा एकच निघाला, तो माझ्या फाटकावर!

मी म्हटलं ना, यात काहीतरी काळंबेरं आहे!

आता उद्या उद्घाटन. मंत्री स्वतः येणार. आणि कोंडाजीनं हार सांगितलाय, कोणाला? मलाच! "आक्का, मागच्यावानी जाड करा." ओवतेय. काय करणार? झेंडू, मधे मधे शेवंती.

पण माझा हार आहे म्हटलं... म्हणून रेडिओ अजून बंद केलेला नाही.