एकुलता डोळा आणि खुनी कोण

...आणि वर डॉक्टर म्हणतात, निंबाआबा, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही आणि रडायचं तर अजिबात नाही. आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं बंद केल्यावर माणसानं काय मेल्यासारखं पडून राहायचं? तर हो, तसंच पडायचं होतं. जळगावचा दवाखाना, डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. डावा डोळा पोरवयातच बोरीच्या काट्यानं नेलेला, त्यामुळे उजवा म्हणजे एकुलता एक. त्यातला मोतीबिंदू काढलेला, टाके ओले. टाका उसवला की निंबाआबा कायमचे अंधारात. भ्या वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण तोताराम गुरुजी आले. भलं होवो त्या माणसाचं.

गुरुजी कोण, ते सांगायचंच राहिलं. चाळीसगावच्या अलीकडे आमचं खेडं, तिथल्या वाचनालयाचे ते चिटणीस. स्वतः निवृत्त झाले, त्यांची छडी अजून नोकरीत आहे. वाचनालयात कपाटं दोन. एकात जाडजूड थोर पुस्तकं, त्याला कुलूप. दुसऱ्यात रहस्यकथा, त्याला कुलूपच नाही, कारण आत काही नसतंच, बठ्ठी, सगळीच्या सगळी पुस्तकं गावात फिरत असतात. मी चौथी शिकलेला, मला पहिल्या पानावर मुडदा पाहिजे. गुरुजी म्हणायचे, "निंबा, याला वाचन म्हणत नाहीत, खाज म्हणतात." मी म्हणायचो, "गुरुजी, खाजवलं की बरं तरी वाटतं. तुमच्या पुस्तकानं नुसती झोप येते."

असा हा माणूस. आणि मी आंधळा होऊन पडल्याचं कळल्यावर जळगावला लेकीकडे मुक्काम ठोकला, रोज दवाखान्यात यायला लागला. आमची बायको झुंबरबाई अंगठेबहाद्दर, मला वाचून दाखवणार कोण? खुर्ची ओढली आणि म्हणाले, "निंबा, आता तुला पळता येत नाही." पिशवीतून जाडं पुस्तक निघाल्याचा आवाज आला, थप्पकन, जसा उंबऱ्यावर नांगर टाकावा.

एक म्हातारा, एक बैल, एक नदी. पंचवीस पानं झाली, बैलाचं पाणी पिणं काही संपेना. शेजारच्या खाटेवर वरणगावच्या फॅक्टरीतले भाईदास, त्यांचा एक डोळा उघडा होता. ते म्हणाले, "गुरुजी, काढा आता त्याला बाहेर, फुगेल तो." गुरुजी वाचतच राहिले. आणि मग काय झालं... म्हाताऱ्यानं बैल बाजारात विकला. पाचव्या दिवशी बैल एकटाच चालत घरी आला, दाराशी उभा राहिला, आणि म्हातारा दार उघडेना, कारण शब्द दिलेला ना घेणाऱ्याला. आतून म्हातारा बोलतो, बाहेरून बैल ऐकतो. तुम्हाला सांगतो, पट्टी कधी ओली झाली, मला कळलंच नाही.

झुंबरबाई धावली, "काबं रडतस तुम्ही? डॉक्टरनी काय सांगेल शे?" तेवढ्यात डॉक्टरच आत. "कोण रडवतंय यांना? टाके जातील."

गुरुजी चाचरले, "मी... साहित्य वाचत होतो."

"साहित्य बंद."

बघा, एवढं थोर साहित्य, पण डॉक्टरांनी लोणच्यासारखं पथ्यात टाकलं. बैल राहिला दाराशी.

मग झुंबरबाईनं भाकरीच्या फडक्याखालून माझी अर्धी वाचलेली रहस्यकथा काढून दिली. गुरुजींचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज ऐकू येत होता. मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा, तसं वाचत होते. "हं. जिनिंग. हं. कापसाच्या गंजीत शेठचं प्रेत. काय ही भाषा." दुसऱ्या दिवशी 'हं' गेलं. तिसऱ्या दिवशी भेटीची वेळ व्हायच्या आधीच दारावर पहारेकऱ्याशी हुज्जत ऐकू आली, "सोड मला, आत एक खून अर्धवट राहिलाय." भलं होवो त्या माणसाचं, मुनीमाचा वेगळा आवाज, शेठाणीचा वेगळा, अख्खा वॉर्ड खाटा सरकवून बसलेला.

आणि आला शेवट. गुरुजींनी आवाज खाली आणला. "दिवे गेले. काळी आकृती वळली. खुनी दुसरा तिसरा कोणी नसून..."

पान उलटल्याचा आवाज, मग पुन्हा उलटल्याचा.

भाईदास म्हणाले, "नसून?"

"पान नाही," गुरुजी म्हणाले. पोराच्या हातातला लाडू पडावा, तसा आवाज.

मी म्हटलं, "गुरुजी, नसणारच. आपल्या वाचनालयात रहस्यकथेला शेवट कधी होता? एवढ्या हातांतून फिरल्यावर पुठ्ठा आणि शेवटचं पान आधी गळतं. मग आम्ही पारावर बसून बहुमतानं खुनी ठरवतो. मागच्या खेपेला भिकननं इन्स्पेक्टरलाच फाशी दिली."

"आणि हे चिटणीसाला कोणी सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्हाला खाज नव्हती ना." आणि मला हसायची बंदी. ओठ चावून रक्त काढलं, पण टाका सांभाळला.

गुरुजी ताडकन उठून गेले. स्टेशनवरचा स्टॉल, बसस्टँडवरचा स्टॉल, कुठंच मिळेना, तर एसटीनं थेट धुळे गाठलं. दुसऱ्या दिवशी आले ते अंगाला धुळीचा वास घेऊन. नवं कोरं पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाटेत उघडलं नाही, निंबा. म्हटलं, सगळ्यांनी मिळूनच." आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? मला रडू यायला लागलं, मग मी घाईनं मुडद्याचा विचार केला.

खुनी निघाला खुद्द शेठ. गंजीत सापडलेलं प्रेत भलत्याचंच होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "मला तर मुनीम वाटला होता." डॉक्टर होते.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी बोटं धरली, "किती?" मी म्हटलं, "बोटं राहू द्या, ती पांढरी टोपी गुरुजींची आहे, आणि आज त्यांनी दाढी केलेली नाही." डोळा वाचला. भलं होवो त्या माणसाचं.

पण गुरुजींनी ते पानाचं फार मनाला लावून घेतलं हो. गावी परतले ते दुसरं कपाट घेऊन बसले. जिथून मिळेल तिथून एकेका रहस्यकथेचा शेवट शोधून काढला आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर, लाल शाईनं, वळणदार अक्षरात लिहून ठेवलं, खुनी कोण. का? तर पान गळालं तरी वाचकाची गैरसोय नको. पुस्तक उघडलं की मुडद्याच्या आधी खुनी हजर. आता ज्यानं माझ्या अंधारात येऊन वाचलं, त्याच्याशी भांडू कोणत्या तोंडानं? हल्ली गुपचूप कुलपाच्या कपाटाची किल्ली मागतो आणि जाडं पुस्तक घेऊन येतो. तिथं म्हाताऱ्यानं दार उघडलं की नाही, ते कोणी आधी लिहून तरी ठेवलेलं नसतं.