चित्रातला पवित्रा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मी दाढ काढून घ्यायला गेले होते. नको म्हटलं तरी आई सोबत आलीच. समोरच्या बाकावर सुजल्या ओठावर बर्फ धरलेली एक मुलगी आणि तिचा बाप वाद घालत होते.

"हनुवटी खाली घ्यायची, बॉक्सिंगच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"पुढचं पान उलटेपर्यंत समोरची ठोसा मारून मोकळी झाली, बाबा."

"आणि डावा हात पुढे का नव्हता?"

"चित्रातला बॉक्सर आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचा डावा तो तुम्ही माझा उजवा केलात. वर्षभर उलटी उभी राहतेय मी."

"मग आधी बोलायचं ना."

"तुम्ही चष्मा लावून इतक्या हौसेने वाचून दाखवायचात."

"बरं. पुढच्या लढतीला मी येत नाही."

"तसं कुठे म्हटलं? या. फक्त पुस्तक घरी ठेवा."

आई तोंडाला पदर लावून हसत होती.

आज टाके काढायला गेले. नर्सने विचारलं, "सोबत कोणी आहे?"

"आई असायची," मी म्हटलं. "नको म्हटलं तरी यायची. ती आली की मला धीर यायचा."