मैनेच्या पोटातलं शिंगरू

माजं नाव सगुणा. आमी धनगर. म्हायेर, सासर दोन्ही पारनेर तालुक्यातलं, पर जन्म काय गावात न्हाई झाला, मेंढरांच्या मागं तळावर झाला. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायाचं आन पावसाच्या आधी परत वर यायाचं, आन सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर, भांडी, वाकळा, कोंबड्या, ल्हान पोरं, कालची जन्मल्याली कोकरंसुदिक. आन काय सांगू तुमाला, मेंढरं बाप्यांची पर घोडी बायांची. लादायची आमी, उतरायची आमी, पाठ सोलली तर हळद भरायची ती बी आमीच.

भीमथडी म्हणत्यात त्या जातीला. दिसायला बुटकी, लग्नातल्या घोड्यावानी नाचायची न्हाई, पर पाठ आखूड, खूर दगडासारखं, वझं घिऊन घाटात कवा बसली न्हाई. शाळा मी बघितली न्हाई, पर चुलीतला कोळसा घ्यायचा आन खडकावर, भितीवर घोडी काढायची, ही सवय मला कवापासनं लागली ते मलाच ठावं न्हाई. बा बघायचा आन म्हणायचा, सगुणे, पुढचं पाय चुकलं, भार कुटं पडतो ते जाऊन बघ. मग मी जाऊन बघायची, घोडीच्या पुढ्यात बसून ऱ्हायची. काढता काढताच मला जात कळली बगा. कुटल्या घोडीची छाती रुंद, कुणाचा गुडघा कच्चा, समदं हाताला कळायचं.

पुढं पिकअप आल्या. लोकांनी घोड्या इकल्या. आमच्या दत्तूनं, म्हंजी माज्या लेकानं बी पिकअप घेतली, म्हणला, आई, दोन दिसाची वाट दोन घंट्यात हुती, घोडी कशाला. खरं हाय त्याचं. पर माज्या बापाच्या घोडीची एक लेक माज्यापाशी ऱ्हायली हुती, मैना, ती मी इकू दिली न्हाई. माज्या मनात लई दिवसांपासनं एकच हुतं, हिला तिच्या जातीचा घोडा दावायचा, शिंगरू घ्यायचं, मग त्याचं शिंगरू, आन कुणा धनगराला पायजे आसंल तर देयाचं. आमचं मालक, म्हंजी दत्तूचा बा, हसायचं. म्हणायचं, तुजी घोडी भितीवरच विती, तितंच खूस ऱ्हा.

पर घोडा मिळंना. जितं तितं वरातीतलं उंच घोडं. तीन वरसं इचारत ऱ्हायले. शेवटी जामखेडकडं येसूतात्या म्हणून एक म्हातारा धनगर हाय असं कळलं, त्याच्यापाशी काळसर घोडा. दत्तू म्हणला, पिकअपमधी घालतो, पर मैना पिकअपला भ्यायची, मग मी आन मालक चालत घिऊन गेलो. तात्यानं मैनेच्या पाठीवरनं हात फिरवला आन म्हणला, पोरी, म्या तर समजलो हुतो का माजाच एक उरलाय. आन डोळं पुसलं त्यानं.

मैना गाभण ऱ्हायली. घोडीला अकरा म्हयनं लागत्यात. तिच्या गोठ्याच्या भितीवर मी दर म्हयन्याला कोळशानं शिंगरू काढायची, पयल्या म्हयन्यात येवढंसं, मग जरा मोठं, पाय दुमडल्यालं. सातवा लागला तवा सातवं काढलं.

त्याच टायमाला शेजारच्या गावात वरातीचं एक घोडं आजारानं मेलं. मग सरकारी डॉक्टर आलं, आजूबाजूच्या समद्या घोड्यांचं रगत घेतलं, मैनेचं बी. मला कायच वाटलं न्हाई, कारन घोडी खात हुती, नाक वाहत न्हाई, खोकत न्हाई. पर पंधरा दिसांनी परत आलं, परत रगत नेलं, आन तिसऱ्या बारीला डॉक्टरीनबाई आली ती गाडीतनं उतरंचना. मग उतरली आन म्हणली, मावशी, दोन्ही बारीला आजार निघालाय, मानसाला बी लागतो, औषीद न्हाई. हिला ठिवता येत न्हाई.

मी म्हणलं, ती पोटुशी हाय, चार म्हयनं थांबा, मग माजं तुमी काय बी करा. ती म्हणली, न्हाई थांबता येत. मी तिचं पाय धरलं. ती बी खाली बसली माज्यापाशी, तरुन पोर हुती, तिचा काय गुन्हा. मग मालक म्हणलं, सगुणे, घरात नातवंडं हायेत.

डॉक्टरीनबाई म्हणली, तुमी आत जावा. मी म्हणलं, दुसऱ्याच्या हातात ती उभी ऱ्हायाची न्हाई. मग मला हातमोजं दिलं, तोंडाला बांधायला दिलं, आन कासरा मी धरला. सुई टोचली तवा मैनेनं माज्याकडं बघितलं, पुढचं पाय वाकलं, आन बसली. वझं घिऊन कवा न बसल्याली घोडी. पोट हलत हुतं अजून. मैना गेल्यावर बी जरा येळ हलत हुतं, ह्ये मी कुनाला सांगितलं न्हाई, तुमालाच सांगते.

मी इचारलं, बाई, घोडा हुता का घोडी, तेवढं तरी सांगा. ती म्हणली, मावशी, पोट उघडायला परवानगी न्हाई. मोठा खड्डा, वरनं चुना. खोगीर, वाकळ, दावं, समदं जाळलं. गोठा बी धुवून चुन्यानं सारवला, भितीवरली सात बी गेली त्यात. आमचं समद्यांचं रगत तपासलं, कुनाला काय निघालं न्हाई.

येसूतात्याचा घोडा तपासणीत चांगला निघाला. पर तात्या त्याच साली गेला आन त्याच्या पोरांनी घोडा इकला, कुटं गेला ते त्यांनाच सांगता येईना. मी जाऊन आले इचारायला.

आता तुमी म्हणताय, ह्या जातीचं नाव सरकारी कागदावर आलंय, तिला जपायचं ठरलंय. बरं झालं. येवढा उशीर नगं हुता. माजं गुडघं गेलं, मालक मागच्या पावसात गेलं, मेंढरं दत्तू बघतो. कोळसा हातात घेतला तर मैना अजून निघती, पाय बी बराबर निघत्यात. पर त्या शिंगराला काय हात चालत न्हाई, घोडा काढू का घोडी, तितंच अडती.

तुमी ह्या घोड्यांची माहिती घेत हिंडताय तर येक करा. कुटं तळावर अशी घोडी दिसली तर तिच्या मालकिनीला सांगा, बाई, इकू नगंस, तपासून घे आन घोडा हुडिक. पारनेरच्या सगुणानं सांगितलंय म्हणावं. जावा आता, एश्टी चुकंल. सुखी ऱ्हावा.